रबरी सील निवडताना साखळी आणि आडवे बंध कसे तपासावेत

वडोदऱ्यातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यासाठी रबरी सील घ्यायचे असेल, तर भाव विचारण्याआधी ते कशाच्या संपर्कात येणार आहे हे निश्चित करावे. रबराचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. नायट्राइल या कृत्रिम रबराच्या साखळीतील ध्रुवीय गटांमुळे, म्हणजे विद्युतभार असमान विभागलेल्या अणुगटांमुळे, ते खनिज तेलात फारसे फुगत नाही. ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत ओझोन ज्यांवर हल्ला करतो ते दुहेरी बंध नसल्याने ते ऊन आणि ओझोन उत्तम सोसते, पण तेलात निकामी होते.

मग साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे आडवे बंध, म्हणजे क्रॉसलिंक, पाहावेत. हे बंध गंधकामुळे तयार होतात: नैसर्गिक रबराच्या वजनी 100 भागांत 1 ते 3 भाग गंधक घालून तापवल्यास लवचीक रबर मिळते, तर 30 भागांच्या आसपास कडक एबोनाइट तयार होते. त्यामुळे जितके बंध अधिक तितका माल चांगला, हा समज सोडलेला बरा.

तपासणीसाठी लहान तुकडा तोलून झाकणाच्या काचेच्या बाटलीत, हवेशीर जागी आणि ज्योतीपासून दूर, दिवसभर टोल्युईन या ज्वलनशील द्रावकात ठेवावा. बंध नसलेले रबर विरघळत जाते, बंध असलेले केवळ फुगते. तुकडा चिमट्याने काढून, टिपकागदाने पुसून लगेच तोलावा, कारण टोल्युईन झपाट्याने उडते. एकाच जातीच्या दोन नमुन्यांपैकी कमी फुगणाऱ्यात बंध दाट असतात. मात्र दोन्हींत भराव म्हणून मिसळलेल्या काजळीचे प्रमाण सारखे हवे, एरवी तुलना फसते.