यादीतला बंद पीसी: आधी डिसेबल, मग डिलीट

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (ऑफिसातले पीसी आणि युजर यांच्या खात्यांची मायक्रोसॉफ्टची यादी) भंगारात गेलेले पीसीही वर्षानुवर्षं नांदत असतात. ते शोधायला ‘लास्ट लॉगऑन टाइमस्टॅम्प’, म्हणजे शेवटच्या लॉगऑनचा शिक्का बघा, पण तो तंतोतंत धरू नका. सर्व्हरांमधली ये-जा कमी राहावी म्हणून ही नोंद मुद्दामच ९ ते १४ दिवस मागे असू शकते. ३० दिवसांची कात्री लावलीत तर रजेवर गेलेल्याचा लॅपटॉपही कापला जाईल; ९० बरे.

जोडीला ‘पासवर्ड लास्ट सेट’ (पासवर्ड शेवटचा बदलल्याची तारीख) तपासा, कारण डोमेनमधला, म्हणजे या डिरेक्टरीला जोडलेला, चालू विंडोज पीसी साधारण ३० दिवसांनी आपला पासवर्ड स्वतःच बदलतो. दोन्ही तारखा जुन्या असल्या तर त्या पीसीचं खातं डिसेबल करून वेगळ्या ओयूत (डिरेक्टरीतल्या कप्प्यात) हलवा, डिस्क्रिप्शनमध्ये तारीख टाका आणि महिनाभर कोणी ओरडतंय का बघा. डिलीट करण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क-कुलूप) रिकव्हरी की काढून ठेवा. ती डिरेक्टरीत ठेवलेली असेल तर त्या खात्याखालीच असते, खात्याबरोबर तीही जाते.

मालमत्तेच्या यादीत ओळख सिरियल नंबरवरून ठेवा, मॅक ॲड्रेसवरून (नेटवर्क कार्डाचा क्रमांक) नको: एकच यूएसबी डॉक चार लॅपटॉपांना फिरला की चौघं एकच दिसू लागतात. असेंबल्ड पीसीत मात्र सिरियलच्या जागी बऱ्याचदा ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ (‘उत्पादकाने भरायचं’) एवढंच सापडतं. तिथे आपल्याच नंबराचा स्टिकर चिकटवावा.