जागच्या जागी वळायचं तर: इलेक्ट्रिक आणि डिझेल जी-क्लास

रणगाडा वळतो त्याच तत्त्वावर मर्सिडीजच्या जी-क्लास या ऑफ-रोड गाडीचं इलेक्ट्रिक रूप, जी ५८०, जागच्या जागी गिरकी घेतं: एका बाजूची चाकं पुढे, दुसऱ्या बाजूची मागे. चार चाकांना चार मोटरी आहेत, प्रत्येकी १०८ किलोवॉटची. डिझेल जी-क्लासमध्ये इंजिन एकच, त्यामुळे डावी-उजवी चाकं उलट दिशांनी चालवायची सोयच नाही.

गिरकीला, म्हणजे जी-टर्नला, सपाट आणि भुसभुशीत जमीन लागते: वाळू, माती, बारीक खडी. डांबरावर अजिबात नको. सुमारे तीन टनांची गाडी आडवी घासत फिरते, तेव्हा टायरचं रबर सोलवटतं आणि सस्पेन्शनच्या सांध्यांवर आडवा ताण येतो. उतारावर गिरकी पूर्ण होण्याआधीच गाडी खाली घसरू लागते.

आधी जागा बघा. गाडीची लांबी साधारण ४.६ मीटर, रुंदी १.९, म्हणजे कर्ण पाच मीटरच्या आसपास. पण फिरताना गाडी एका बिंदूवर राहत नाही, सरकते; म्हणून चहूबाजूंना आणखी दोन-तीन मीटर मोकळे ठेवा आणि माणसांना लांब उभं करा. मग लो-रेंज (कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) आणि खडकाळ वाटेसाठीचा रॉक मोड लावा, जी-टर्नचं बटण दाबा, स्टिअरिंग सरळ धरा. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचं, स्टिअरिंगमागचं पॅडल ओढून धरून ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. जास्तीत जास्त दोन फेऱ्या होतात. थांबायचं तर पॅडल सोडा. हात आपोआप वळणाच्या दिशेने स्टिअरिंग फिरवू पाहतात. नवख्याची गिरकी बहुधा तिथेच फसते.

खरं सांगायचं तर कामाचं बटण दुसरंच आहे: जी-स्टिअरिंग. अरुंद वाटेवरच्या तीव्र वळणात ते प्रत्येक चाकाला वेगवेगळा जोर देऊन वळणाचा घेर कमी करतं, तेही गाडी पुढे चालू असताना. गिरकी बघायला लोक जमतात, पण वळणावर अडकलेली गाडी याच बटणाने निघते.

डिझेल जी-क्लासवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे डिफरन्शियल लॉक लावूनच वळणं. हा लॉक चाकांना एकमेकांशी जखडतो. तिन्ही लॉक (मधला, मागचा, पुढचा) लागले की आतलं आणि बाहेरचं चाक एकाच वेगाने फिरतं, गाडी नाक सरळ धरून पुढे रेटते, स्टिअरिंग जड होतं. एरवीच वळायला १३.६ मीटर व्यासाचा घेर लागतो, त्यात ही भर. म्हणून वळण्याआधी पुढचा लॉक काढा, मग मागचा. लो-रेंज राहू द्या. घाटाच्या कडेला वळायचं असेल तर नाक दरीकडे आणि शेपूट डोंगराकडे ठेवा. कडा डोळ्यांसमोर राहते. बाकीचे उतरू देत, एकाने बाहेरून खुणा कराव्यात. हातभर पुढे, हातभर मागे, आणि गाडी हलत असतानाच स्टिअरिंग फिरवा. उभ्या गाडीचं फिरवलं तर टायर जागीच खड्डा पाडतात.

इतर गाड्यांच्या युक्त्या वेगळ्या: टोयोटाच्या लँड क्रूझर ३००ची तीव्र वळणासाठीची सोय, टर्न असिस्ट, मागचं आतलं चाक ब्रेकने धरते, म्हणून गाडी त्या चाकाभोवती वळते. रेंज रोव्हरमध्ये मागची चाकंही वळतात, तिचा घेर ११ मीटरच्या आत येतो.

इलेक्ट्रिकवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. वाळूसाठी टायरमधली हवा कमी केली असेल, तर गिरकीआधी ती पुन्हा भरा. नाहीतर आडव्या ताणाने टायरची कड रिमवरून सुटते, आणि अशा वेळी साधा पोर्टेबल पंप बहुधा कामाला येत नाही, कारण हवा धरायला कड बसलेलीच नसते.