खाज सुटली तर लगेच खाजवू नका

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना ध्यानाच्या शिबिरात चौथ्या दिवसापासून 'अधिष्ठान' सुरू होतं: तासभर मांडी मोडायची नाही, हात-डोळे उघडायचे नाहीत. घरी एवढ्यानं सुरुवात नको. वीस मिनिटं पुरेत. नाकावर खाज आली की हात उचलण्याआधी ती नीट बघा. नेमकी कुठे आहे, टोचते की जळते, वाढते की सरकते? बहुतेकदा ती आपोआप विरते. पाली भाषेत हेच 'अनिच्च', म्हणजे काहीच कायम टिकत नाही. सुखद झिणझिण्यांनाही हाच नियम लावा, कारण त्या हव्याशा वाटल्या तरी मनाची समता, म्हणजे उपेक्खा, ढळतेच; हे मात्र आपण हमखास विसरतो. गुडघा खरोखर दुखावलेला असेल तर खुशाल खुर्चीवर बसा.