मांजरीला डॉक्टरकडे न्यायचंय? पिंजरा आठ दिवस आधीच काढा

आमची मनी पिंजरा माळ्यावरून काढल्याचा आवाज आला तरी दिवाणाखाली जाऊन बसायची, मग झाडू, ओरडाआरडा, हातावर ओरखडे आणि शेवटी अपॉइंटमेंट कॅन्सल. चूक आमचीच होती, पिंजरा फक्त दवाखान्याच्या दिवशीच दिसायचा ना.

आता काय करतो, आठ-दहा दिवस आधीच तो दार उघडं ठेवून घरात टाकून देतो, आत तिचीच लोळून केसाळ झालेली गोधडी (धुवायची नाही बरं का, तिचा वास हवा) आणि रोजचं खाणं आधी दारापाशी, मग हळूहळू आत सरकवत न्यायचं. चौथ्या दिवशी बया स्वतःच आत झोपली.

निघायच्या आधी तीन-चार तास खाणं बंद, नाहीतर गाडीत उलटी ठरलेली, पाणी मात्र चालू. पिल्लू असेल किंवा शुगर वगैरे असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. जात नसेल तर पिंजरा उभा करायचा, टॉवेलात गुंडाळून मागच्या पायांकडून आत सोडायचं, तोंडाकडून ढकललं की चारी पाय दाराला लावते.

वरून सुती ओढणी टाका, हवा खेळू द्या. आणि उन्हाळ्यात सकाळचीच वेळ घ्या, मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळात पारा 44-45 ला जातो, बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. शांत करायला घरातली गोळी अजिबात नाही, पॅरासिटामॉलने मांजर मरू शकते.