लघवीची गोळी चालू आहे? मग या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर बावीस वर्षं उभा आहे. लघवीच्या गोळीबद्दल लोकांची तक्रार एकच, ‘सारखं उठावं लागतं.’ अहो, ते तर गोळीचं कामच आहे! सकाळी घ्या, रात्रीची झोप मोडणार नाही. सांगायला हवं ते मात्र ‘वय झालं’ म्हणत घरातच राहतं.

आमच्या गल्लीतल्या एक काकू, सत्तरीच्या. बीपीच्या गोळीसोबत क्लोरथॅलिडोन ही लघवीची गोळी नव्याने सुरू झालेली. तिसऱ्या आठवड्यात मळमळ सुरू झाली, जेवण तुटलं, चालताना तोल जायला लागला. मे महिना होता, तेव्हा ऊन लागलं असं ठरवून घरच्यांनी पाणी पाजायचा सपाटा लावला. मग एक दिवस त्या सुनेला बहिणीच्या नावाने हाका मारू लागल्या. मुलगा माझ्याकडे आला तो स्मरणशक्तीचं टॉनिक मागायला! टॉनिक दिलं नाही, डॉक्टरांची चिठ्ठी मागितली आणि तसंच त्यांच्याकडे पिटाळलं. रक्तातलं सोडियम ११४ निघालं. हवं १३५ ते १४५. आठवडाभर ॲडमिट होत्या. या गोळीने सोडियम उतरलेलं असताना नुसतं पाणी ढोसलं की ते आणखी उतरतं. नवी गोळी आणि अचानक बरळणारं म्हातारं माणूस, असं दिसलं की त्याच दिवशी रक्त तपासा.

उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते? पलंगावर मिनिटभर बसून मग उभे राहा, आणि बीपी मोजून घ्या. पायाचा अंगठा रात्रीत सुजून लाल झाला तर या गोळीने वाढणारं युरिक ॲसिड आठवा. जुलाब-उलट्या चालू असताना गोळी रेटू नका, डॉक्टरांना फोन करा. गुडघ्यासाठी परस्पर पेनकिलर मागणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो. बीपीच्या काही गोळ्या, लघवीची गोळी आणि वर पेनकिलर हे त्रिकूट किडनीला झेपत नाही.

पायात गोळे येणं, धडधड, गळून गेल्यासारखं वाटणं म्हणजे पोटॅशियम घटलेलं असू शकतं. पण लगेच नारळपाणी आणायला धावू नका. स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम उलट वाढतं, आणि तेव्हाही हातपाय गळतात. ‘लो सोडियम’ मिठातही बहुधा पोटॅशियमच असतं. आधी रिपोर्ट, मग नारळ.

सूज दिसली की स्वतःच्या मनाने दोन गोळ्या घेणारे उतावळे मला अजिबात आवडत नाहीत. माझी आई फ्युरोसेमाइड या लघवीच्या गोळीवर आहे. आमच्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी तिचं रोजचं सकाळचं वजन लिहिलेलं असतं. तीन दिवसांत दोन किलो वर गेलं किंवा खाली आलं, की गोळीला हात न लावता आधी डॉक्टरांचा नंबर फिरवतो.