अडचणीतून जाणाऱ्या पोराला कादंबरी सुचवायची कशी

पोरगं दहा-अकरा वर्षांचं आहे, वडील गेल्यापासून गप्प गप्प असतं, एखादं चांगलं पुस्तक सांगा की, असं कुणी विचारलं की आपला पहिला हात जातो तो वडील वारलेल्या पोराच्या गोष्टीकडंच. तिथं जरा थांबा. पोरांना लगेच कळतं की हे मोठ्यांनी मुद्दाम दिलंय, मग ते पुस्तक कपाटात जातं ते जातंच.

आधी त्याला नेमकं काय सलतंय ते बघा, आणि सल तोच पण प्रसंग वेगळा असं पुस्तक शोधा. आपल्या सांगली जिल्ह्यात विटा, खानापूर, आटपाडीकडं कितीतरी घरांतले आईवडील गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी परराज्यात असतात आणि पोरं इथं आजी-आजोबांजवळ वाढतात, पैसे येतात, सायकल येते, दिवाळीला कपडे येतात, तरी संध्याकाळी काहीतरी टोचतंच. अशा पोराला प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' द्या. त्यातला लंपन पण आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडं राहतो. पण तो दिवसभर रडत बसलेला नाही, मित्र, शाळा, भटकणं सगळं चालू असतं आणि त्यातच मधे घरची आठवण येऊन जाते. संत स्वतः कराडला कॉलेजात शिकवायचे, आणि पुस्तकातली ती बेळगावकडची बोली आपल्या पोरांना जड जात नाही. कथा आहेत, पण एकामागून एक वाचल्या की कादंबरीच होते. मात्र लंपनच्या चारही पुस्तकांचा सेट एकदम देऊ नका, कारण त्यातल्या 'झुंबर'मध्ये लंपनचे वडील जातात, आणि सुरुवातीला सांगितलेल्या, वडील गेलेल्या पोराच्या हातात ते इतक्यात पडायला नको.

म्हणूनच माझं आग्रहाचं सांगणं, शेवटपर्यंत स्वतः वाचल्याशिवाय पुस्तक सुचवायचं नाही. पाठीमागचा मजकूर वाचून तर अजिबात नाही.

'तोत्तोचान'चंच बघा, ही खरं तर कादंबरी नाही, जपानी लेखिकेच्या बालपणाच्या आठवणी आहेत, पण पोरं गोष्ट म्हणूनच वाचतात. वर्गात गडबड करते म्हणून पहिलीतच शाळेतून काढलेली पोरगी, मग रेल्वेच्या डब्यात भरणारी शाळा. ज्याच्या नावानं शाळेतून सारख्या तक्रारी येतात त्याला हे द्याच. त्यात पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान स्वतःच्या झाडावर चढवते, आधी साधी शिडी आणते, ती जमत नाही, मग घडीची शिडी ओढत आणते, त्याला खालून ढकलते, वरून खेचते, दोघं घामाघूम, आणि घरी कुणालाच पत्ता नाही. हे पान पोरं परत परत वाचतात. पण पुढं यासुआकी मरतो! घरात कुणाचं मोठं आजारपण चालू असेल तर हे आधी माहीत पाहिजे, आणि तेवढा भाग शेजारी बसून वाचायला पाहिजे.

'पाडस' बारा-तेराच्या पुढं द्या. इंग्रजी कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद, भाषा सुंदर पण सावकाश चालणारी. जीव लावून वाढवलेलं हरणाचं पिल्लू शेतातलं पीक खायला लागतं आणि शेवटी पोरालाच त्याला मारावं लागतं. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला यातली दोन्हीकडची ओढाताण समजते. फार हळव्या पोराला थोडं थांबून द्या.

देताना एकच नको, दोन-तीन द्या, त्यात एखादं निव्वळ धमाल असू दे, आणि निवड त्याच्यावर सोडा. जमलं तर एखाद्या सुट्टीत पाचगणीजवळच्या भिलारला घेऊन जा, 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात, तिथं पोरगं स्वतः कपाट उघडून काय काढतं ते नुसतं बघा, पुढचं पुस्तक कुठलं द्यायचं ते तिथंच समजतं. वाचनाचा सराव नसेल तर पहिली दहा-बारा पानं तुम्हीच मोठ्यानं वाचा, आठवीतल्या पोरालासुद्धा ते आवडतं, फक्त मित्रांसमोर नको.

वाचून झाल्यावर काय शिकलास हे विचारू नका. विचारायचंच तर त्यातलं कोण आवडलं, कुणाचा राग आला एवढंच विचारा. अर्ध्यात सोडलं तर का सोडलं म्हणून उलटतपासणी नको, पुस्तक घरातच दिसेल असं ठेवा.

आणि पोरगं जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, तर पुस्तकाच्या भरवशावर राहू नका, आधी डॉक्टरला किंवा समुपदेशकाला दाखवा.