युद्धाआधीची लक्झरी गाडी घेताय? सोलापूरकरांनो, या चुका टाळा

गाडी म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या, १९३९ च्या आधीची. रॉल्स-रॉयस, पॅकार्ड, ब्यूक, डेमलर, असली. अक्कलकोट, जत ही संस्थानं आपल्या आसपासचीच, त्यात सोलापुरात गिरण्यांचा पैसा, त्यामुळं "अमक्याच्या वाड्यात एक जुनी मोटार उभी आहे" असं आजही इकडं कानावर येतं. ऐकलं की माणूस हरखतो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन विसार देऊन येतो. एवढी घाई करू नका. माझं मत सरळ आहे, रंग उडालेली, धूळ खात पडलेली पण पूर्ण आणि अस्सल गाडी घ्या, चकचकीत पण आतनं बदललेली घेऊ नका.

रंग बघून भाव ठरवणं

हे सगळ्यात महाग पडतं. त्या काळी रॉल्स-रॉयस कंपनी अख्खी गाडी विकतच नव्हती. कंपनी चासी (म्हणजे खालची फ्रेम), इंजिन, रेडिएटर द्यायची आणि बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीनं हूपर, बार्कर, थ्रप अँड मेबर्ली अशांकडून बांधून घ्यायचं. त्या बॉडीत आत लाकडी सांगाडा, बहुतेक अ‍ॅश लाकडाचा, आणि वरून अ‍ॅल्युमिनियमचा किंवा लोखंडी पत्रा. पत्रा ठोकून सरळ होतो, रंग कुठंही मारून मिळतो, पण लाकूड गेलं असलं तर बॉडी उतरवून एकेक तुकडा नव्यानं घडवावा लागतो आणि असं काम येणारे सुतार फार थोडे राहिलेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून सांधे सुटतात, आणि वर्षानुवर्षं मातीच्या जमिनीवर उभ्या गाडीत वाळवी शिरते ती बाहेरून दिसत नाही.

तपासायचं कसं तर दार अर्धं उघडा, कुलपाच्या बाजूनं खाली हात घाला आणि हळूच वर उचला. नजर बिजागरीवर ठेवा. नुसती पिन हलत असेल तर लेथवाला दोन दिवसात नवी करून देतो, पण बिजागरी ज्या खांबाला बसवलीय तो खांबच दाराबरोबर हलला तर आतलं लाकूड कुजलंय किंवा सांधा सुटलाय असं समजा. मग खालची मॅट उचला, उंबऱ्यापाशी जिथं लाकूड उघडं दिसतं तिथं बारीक दाभण टोचून बघा. सहज आत गेला तर भाव तिथंच खाली आणायचा, नाहीतर निघायचं. आणि हो, लांबी (पत्र्यातले खड्डे बुजवायचा लेप) किती भरलीय ते बघायला लोक चुंबक घेऊन जातात, पण अ‍ॅल्युमिनियमला चुंबक चिकटतच नाही, त्यामुळं मडगार्ड सोडलं तर बऱ्याच गाड्यांवर त्याचा उपयोग नाही. बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐका, लांबी जाड असली की आवाज बद्द येतो.

"इंजिन बदललंय, पण चालू आहे की"

पार्ट मिळेनात म्हणून आपल्याकडं कित्येक गाड्यांमध्ये डिझेल इंजिन बसवलं गेलं, १९ किंवा २० इंची चाकं काढून जीपची १६ इंची टाकली गेली. त्या काळाची ती गरज होती, त्या लोकांना नावं ठेवायचं कारण नाही. पण आज तुम्ही रॉल्सचा भाव देणार असाल तर रॉल्सचंच इंजिन पाहिजे. उदाहरण सांगतो, १९२२ ते १९२९ मधल्या ट्वेंटी मॉडेलला ३१२७ सीसीचं सहा सिलेंडरचं इंजिन आणि त्यानंतरच्या २०/२५ ला ३६६९ सीसीचं, एवढं तरी पाठ करून जा. चासी नंबर फायरवॉलवरच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या आडव्या पत्र्यावरच्या) पट्टीवर असतो पण पट्टी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर सहज जाते, म्हणून फ्रेमवर ठोकलेला नंबर घासून, तेल लावून वाचा, इंजिन नंबर वेगळा लिहून घ्या आणि दोन्ही आरसी बुकाशी ताडून बघा. इंग्लंडमध्ये पॉलर्सपरी गावात रॉल्स-रॉयस एन्थुजिअस्ट्स क्लब आहे, त्यांच्याकडं जुन्या गाड्यांची चासी कार्डं आहेत, चासी कोणासाठी बनली, बॉडी कोणी बांधली हे त्यावर असतं. विसार द्यायच्या आधी ते मागवा, नंतर नाही.

कागद मागनं बघू म्हणणं

इथं लोक अडकतात ते वारसांमध्ये. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा कधीच गेले, विकतोय एक नातू आणि बाकीचे चुलते-आत्या पुण्या-मुंबईत. सगळ्या वारसांची लेखी संमती आणि आधी गाडी वारसाच्या नावावर चढलेली, हे झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. जुलै २०२१ पासून केंद्राचे व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आहेत. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर तसाच ठेवता येतो, नवीन नोंदणी असेल तर व्हीए मालिकेतला नंबर, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, लग्नाच्या वरातीला भाड्यानं देऊन खर्च काढू असा हिशोब कोणी मांडून देत असेल तर त्यावर जाऊ नका. डिझेल इंजिनवाली गाडी या नियमात बसवताना काय होईल ते वेगळं सांगायला नको.

पंपावरचं पेट्रोल तसंच ओतणं

आपला जिल्हा उसाचा, इथल्याच कारखान्यांमध्ये इथेनॉल तयार होतं, आणि आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असतं. युद्धाआधीच्या गाडीला हे माहीतच नाही. बऱ्याच अमेरिकन गाड्यांच्या कार्बोरेटरमधला फ्लोट (पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा तुकडा) बुचाच्या लाकडाचा असतो आणि त्यावर चपडा लाखेचा थर. फर्निचर पॉलिशवाला तीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो ना, तसंच इथेनॉलमध्ये पण ती सुटते. मग बूच पेट्रोल पितं, जड होतं, बुडतं, पेट्रोल अडवणारी नीडल बंद होत नाही आणि पेट्रोल वाहून गरम एक्झॉस्टवर. आग अशी लागते. गाडी घरी आल्या आल्या कार्बोरेटर उघडून फ्लोट हातात घ्या, बुचाचा असेल तर पितळी बसवा, रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घाला आणि टाकीनंतर एक फिल्टर लावा कारण टाकीतला जुना थर सुटून येतो. दोन-तीन महिने गाडी हलणार नसेल तर टाकी रिकामी करा, इथेनॉल ओलावा ओढतं. महागडं हाय ऑक्टेन ताकदीसाठी भरायची गरज नाही, १९२० च्या दशकातल्या या इंजिनांचं कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये मिश्रण किती दाबलं जातं ते) ५ ला १ च्या आसपास, त्यांना जास्त ऑक्टेन लागत नाही.

उन्हात आणि घाटात

तुळजापूरच्या घाटात गाडी खोकून बंद पडली की "पंप गेला" म्हणून मोकळं होतात. ट्वेंटी, २०/२५ सारख्या गाड्यांना पंपच नाही, ऑटोव्हॅक असतो. फायरवॉलवरची ती डबी इंजिनच्या ओढीनं मागच्या टाकीतलं पेट्रोल वर घेते आणि तिथनं ते आपोआप कार्बोरेटरमध्ये उतरतं. चढाला तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की ती ओढ कमी होते, डबी रिकामी होते, गाडी बंद. मधेमधे पाय क्षणभर सोडा, डबी भरते. तरीही त्रास असेल तर जॉइंटमधून हवा ओढतेय का बघा. याऐवजी मेकॅनिक आधुनिक इलेक्ट्रिक पंप बसवतो, त्याचं प्रेशर जुन्या नीडलला झेपत नाही आणि पुन्हा तेच, पेट्रोल बाहेर. बसवायचाच असेल तर दोन पीएसआयच्या आतल्या दाबाचा बघा.

एप्रिल-मे मध्ये पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबते ते वेगळं. पाइप एक्झॉस्टपासून लांब न्या, उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळा, आणि दुपारी गाडी काढूच नका, सकाळी नऊच्या आत घरी या.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच नको. क्षार साठून ब्लॉकच्या आत थर धरतो आणि नवीन रेडिएटर घातला तरी गाडी तापतच राहते, कारण गाळ ब्लॉकमध्ये आहे. बाजूची प्लेट किंवा कोअर प्लग काढून आतनं खरवडून घ्या, मग डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक.

तेलाचं थोडक्यात. बरीच वर्षं न उघडलेल्या इंजिनात एकदम आधुनिक डिटर्जंट तेल घातलं की जुना गाळ सुटून तेलाच्या वाटा बुजतात, आणि व्हाइट मेटलची (मऊ धातूची) बेअरिंग त्यात पहिली जातात. आधी सम्प (इंजिनच्या तळाची तेलाची टाकी) उतरवून साफ करा. गिअरबॉक्समध्ये किंवा डिफरन्शियलमध्ये पितळ-ब्राँझ असेल तर जीएल-५ दर्जाचं गिअर तेल टाळा, त्यातलं गंधक ते खातं.

बॅटरीचं पण विचारून घ्या. अमेरिकन गाड्या बहुतेक ६ व्होल्टच्या, काहींत प्लस अर्थ, म्हणजे बॅटरीची प्लस बाजू बॉडीला जोडलेली. ६ व्होल्टला १२ च्या मानानं करंट दुप्पट लागतो म्हणून वायरी जाड पाहिजेत, बारीक वायर टाकली की सेल्फ रडत फिरतो आणि मग १२ ची बॅटरी लावून कॉइल, बल्ब, मीटर सगळं जाळून ठेवतात.

शेवटचं, जुना पार्ट कितीही खराब असू दे, नवीन बसून गाडी चार वेळा फिरेपर्यंत भंगारात जाऊ देऊ नका. लेथवाल्याला माप त्याच्यावरूनच घ्यायचंय. मिस्त्रीला हे पहिल्याच दिवशी सांगा, प्रत्येक नट-वॉशर पिशवीत, पिशवीवर नाव, आणि उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो.